शाळेतल्या लायब्ररीच्या कपाटाची चावी कुणाकडे असते?

संत्रीवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, लय दिवसांनी धागा काढून राहिली आहे, लांबला तर सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात पासपोर्टच्या भानगडीत शाळा सोडल्याच्या दाखल्याची डुप्लिकेट कॉपी लागली म्हणून माझ्या जुन्या शाळेत गेले होते. शाळेचं नाव नाही घेत. पूर्व नागपुरातली आहे, अनुदानित, मराठी माध्यम, आमच्या वेळी पट हजाराच्या वर होता, आता क्लार्क म्हणाले साडेतीनशे भरले तरी देव पावला. जुनी रजिस्टरं "त्या खोलीत" आहेत म्हणून ते घेऊन गेले, कुलूप उघडलं आणि मी दारातच थांबले, कारण ती आमची लायब्ररी होती. आत पोषण आहाराच्या तांदळाची पोती, मोडके बेंच, गॅदरिंगचा पडदा, निवडणुकीत मतदान करायला लावतात ते पुठ्ठ्याचे आडोसे, आणि सगळ्यात मागे भिंतीला लागून आमची ती ५ गोदरेजची कपाटं. काचेची २, लोखंडी ३. काचेच्या कपाटातली पुस्तकं दिसत होती, मी लांबूनच एक हिरवी बांधणी ओळखली. म्हटलं काका, उघडता का जरा. तर म्हणे चावी नाही. चावी कुणाकडे आहे? तर म्हणे बाई रिटायर झाल्या तेव्हापासून कुणी चार्जच घेतला नाही.

आता मला एवढं काहून लागलं ते सांगते. माझे वडील कळमन्याच्या धान्य बाजारात हमाल होते, आई घरी विड्या वळायची. घरात वाचण्यासारखं म्हणजे कॅलेंडर आणि गॅसचं कार्ड. पाचवीत लायब्ररीच्या बाईंनी पहिलं पुस्तक दिलं, शुक्रवारी ५ वी तासिका असायची, मी घरी जाऊन वाचत बसले तर आई म्हणे मोठ्यानं वाच ना, माझे हात चालू आहेत पण कान रिकामेच आहेत. मग तेच सुरू झालं, ती सुपात विड्या वळायची आणि मी वाचायची, आणि पुस्तक अर्धं राहिलं की दुसऱ्या दिवशी मला नाही तिलाच घाई, "पुढे काय झालं त्या पोट्ट्याचं?" बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मला दिवाळीच्या सुट्टीत एकाऐवजी २ पुस्तकं द्यायला सुरुवात केली, एक माझ्या नावावर आणि एक त्यांच्या स्वतःच्या नावावर. आई सही करायला पण शिकली नाही पण तिला साने गुरुजी माहीत होते.

तर प्रश्न असा आहे की आज त्या वस्तीतून, तसल्याच घरातून येणाऱ्या पोरीला पहिलं पुस्तक कोण देते? तुमच्या शाळांचं काय चालू आहे ते सांगा. आणि ती कपाटं उघडायची असतील तर नेमकं कोणाला धरायचं?

---

तर्री_पोहा

आमची लायब्ररी म्हणजे शिक्षा होती राजेहो. गणिताच्या सरांनी वर्गाबाहेर काढलं की आम्ही लायब्ररीत. मी आज जो काही वाचतो तो बीजगणिताच्या कृपेने.

किशोर मासिकाचे जुने अंक एकत्र शिवून जाड बाड केलेलं असायचं, त्याच्यासाठी मारामारी व्हायची. मागच्या वर्षी भाच्याच्या शाळेत गेलो तर लायब्ररी पाटी तीच, आत कॉम्प्युटर लॅब, आणि कॉम्प्युटरवर प्लास्टिकची कव्हरं. कव्हरावर धूळ.

---

अर्धवेळ_ग्रंथपाल

संत्रीवाली ताई, चावीचं मी सांगतो, कारण २२ वर्षं तीच चावी माझ्या खिशात आहे.

आधी जागेचं गणित समजून घ्या. माध्यमिक शाळेत ग्रंथपाल किती याचा निकष शिक्षकेतर पदं ठरवणाऱ्या चिपळूणकर समितीपासून, म्हणजे १९९४ पासूनचा, पटावर आहे. हजाराच्या वर पट असेल तर पूर्णवेळ, ५०० ते १००० असेल तर अर्धवेळ. त्याच्या खाली गेला की जागाच बसत नाही. आणि प्राथमिक शाळेत तर ग्रंथपाल हे पदच नाही, म्हणजे ज्या वयात वाचायची सवय लागते त्या वयासाठी सरकारने माणूसच ठेवला नाही. आता नागपुरात मराठी शाळांचा पट कसा उतरला ते सगळ्यांना ठाऊक आहे. पट उतरला, बाई रिटायर झाल्या, संचमान्यतेत, म्हणजे पटाप्रमाणे पदं मंजूर होतात त्यात, पद गेलं, संपलं. कोणी लायब्ररी बंद करा असा आदेश काढलेला नाही, ती आपोआप बंद पडली.

आता कुलूप. ग्रंथपाल जातो तेव्हा त्याने दाखल रजिस्टरप्रमाणे (आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवतात ते) एकेक पुस्तक मोजून चार्ज द्यायचा असतो. समजा ६ हजार पुस्तकं आहेत. त्यातली ४०० वाळवीने खाल्ली, ३०० पोरांनी नेली ती आलीच नाहीत, काही कुण्या संस्थाचालकाच्या घरी शोकेसमध्ये आहेत. ज्याने चार्ज घेतला त्याच्या मानेवर हे सगळं. उद्या ऑडिट लागलं की वसुली त्याच्या पगारातून होईल ही भीती. मग मराठीच्या बाई म्हणतात मला नको, पीटीचे सर म्हणतात मला नको, मुख्याध्यापक म्हणतात राहू द्या बंद. बंद कपाटातलं पुस्तक हरवत नाही. कागदावर ते ६ हजारच राहते.

यावर उपाय आहे, निर्लेखन. फाटकी, वाळवी लागलेली, हरवलेली पुस्तकं यादी करून, समितीसमोर ठेवून रजिस्टरमधून कमी करता येतात. पण ते करायला दोन महिने धुळीत बसणारा माणूस लागतो. तो कुठून आणता?

अर्धवेळ म्हणजे काय तेही सांगून ठेवतो. पगार अर्धा, काम पूर्ण. सकाळी देवघेव, दुपारी शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधारचे दुरुस्ती अर्ज, शिक्षक रजेवर गेला की त्याच्या वर्गावर. माझ्या बायकोने शिलाई मशीन चालवली म्हणून माझं ग्रंथपालपण टिकलं.

---

मिहान_मुक्काम

भावना समजल्या, पण थोडं प्रॅक्टिकल बोलू. आज प्रत्येकाच्या घरी स्मार्टफोन आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ फुकट, किशोरचे १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन, स्टोरीविव्हर साइटवर मराठी गोष्टी फुकट. मग ६ हजार पुस्तकांच्या वाळवीसाठी माणूस पोसायचा कशाला? त्या खोलीत वायफाय लावा.

---

खडू_फळा

@मिहान_मुक्काम, प्रत्येकाच्या घरी फोन आहे हे खरं आहे हो, पण तो बापाच्या खिशात आहे आणि बाप बुटीबोरीला ड्युटीवर आहे. रात्री ९ ला घरी येतो तेव्हा फोनमध्ये १२ टक्के बॅटरी आणि तीन भावंडं. लॉकडाऊनमध्ये हे आम्ही पाहिलं, मार्च २०२० नंतर ऑनलाइन शाळेत माझ्या ३४ पोरांपैकी ११ जण दिसायचे, बाकीच्यांना शोधायला मी पारशिवनीच्या बाजूच्या वाड्यांवर मोटरसायकलने जायचो.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर, दोन शिक्षकी शाळा. आमच्याकडे ग्रंथालय म्हणजे एक पेटी. दरवर्षी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालय अनुदान येते, शाळा कितवीपर्यंत आहे त्याप्रमाणे ५ हजारापासून २० हजारापर्यंत, आमच्या वाट्याला अर्थातच खालचं टोक. ५ हजारात चांगली पातळ चित्रांची पुस्तकं घेतली तर ८०-१०० येतात, वाईट नाही. पण कधी ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येते आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा म्हणतात, मग जो दुकानदार बिल लगेच देईल त्याच्याकडे जे असेल ते. एका वर्षी आम्हाला थोरांच्या चरित्रांची ४० पुस्तकं मिळाली, बारीक टाईप, चित्र एकही नाही. पहिलीची पोरं त्याच्यावर बसायची.

आणि मित्रहो, बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम कोण करते? खिचडीचा हिशोब कोण लिहिते? मास्तर वाचनाचा तास घेत नाही म्हणून ओरडणं सोपं आहे.

एक मात्र सांगतो. पेटीतून पुस्तकं काढली आणि वर्गात सुतळी बांधून कपडे वाळत घालतो तशी टांगली. रजिस्टर नाही, सही नाही. वर्षात ९ पुस्तकं गेली. त्यातलं एक पुढच्या वर्षी एका घरी सापडलं, आजोबा वाचून राहिले होते, मी परत नाही मागितलं.

---

मिहान_मुक्काम

सर, ११ पैकी ३४ वाचून गप्प बसलो. म्हणजे ३४ पैकी ११. वायफायचं मागे घेतो. पण केंद्रप्रमुख आले आणि ९ पुस्तकं कमी दिसली तर?

---

खडू_फळा

तर चहा पाजायचा.

---

आकडेमोड

थोडी भर घालतो. यू-डायसच्या, म्हणजे शाळा दरवर्षी सरकारला माहिती भरून देतात त्या फॉर्ममध्ये ग्रंथालय, पुस्तकपेढी आणि वाचनकोपरा हे तिन्ही एकाच प्रश्नाखाली येतात. त्यामुळे राज्याची टक्केवारी मस्त दिसते, एका भिंतीला दोन फळ्या ठोकल्या तरी तुमची शाळा "सुविधा आहे" मध्ये. संत्रीवालींच्या शाळेतली ती तांदळाची खोलीसुद्धा त्यात ग्रंथालय म्हणूनच मोजली जात असेल, पैज लावतो.

असरवाले, म्हणजे प्रथम संस्थेचा शाळा पाहणी अहवाल काढणारे, वेगळं मोजतात, ते शाळेत जातात आणि बघतात की आज पोरांच्या हातात पुस्तक आहे का. देशातल्या ग्रामीण शाळांमध्ये २०१८ ला असं चित्र ३६.९ टक्के शाळांत होतं, २०२२ ला ४४ टक्के. वाढलं, चांगलंच आहे, पण म्हणजे निम्म्याहून जास्त शाळांत त्या दिवशी पोरं पुस्तक हाताळत नव्हती.

आणि घरात पुस्तकं असण्यावर २०१० चा एक मोठा अभ्यास आहे, मारिया इव्हान्स आणि सहकाऱ्यांचा, २७ देशांचा डेटा. भरपूर पुस्तकं असलेल्या घरातली मुलं पुस्तकं नसलेल्या घरातल्या मुलांपेक्षा सरासरी ३ वर्षं जास्त शिकतात, आणि आईबापाचं शिक्षण, धंदा बाजूला काढूनसुद्धा हा फरक राहतो. त्यातही पहिल्या थोड्या पुस्तकांचा फायदा सगळ्यात जास्त कमी शिकलेल्या घरातल्या मुलांना. डॉक्टरच्या पोराला पाचशेएकावं पुस्तक मिळालं काय नाही मिळालं काय. विडी वळणाऱ्या आईच्या घरात एक पुस्तक शिरलं की हिशोब बदलतो.

---

इंदोरा_एक्सप्रेस

माझी शाळा मनपाची होती, तिथे लायब्ररी नव्हतीच, तर बंद काय पडणार! आम्हाला वाचायला शिकवलं विहाराने. वस्तीतल्या बुद्ध विहारात एक कपाट, रिटायर्ड पोस्टमन काका रोज संध्याकाळी ७ ला उघडायचे. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह हे घर बांधलं हे आम्हाला शाळेत नाही, त्या काकांनी सांगितलं, दर वेळी पुस्तक देताना सांगायचे, पाठ झालं होतं.

ज्यांना वाटते की गरीब लोकांना वाचायची भूक नाही त्यांनी एकदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर या. आपण नागपूरकर ट्रॅफिक डायव्हर्जनच्या नावाने बोंबलतो तेवढंच. यवतमाळ, नांदेड, कुठून कुठून लोक येतात, रात्री मैदानात पथारीवर झोपतात आणि जाताना पिशवीत पुस्तकं नेतात. भाकरी घरून बांधून आणलेली असते कारण पैसे पुस्तकाला ठेवलेले असतात. मी ४ वर्षं स्टॉलवर उभा राहिलो आहे. एक बाई यायच्या, स्वतःला वाचता येत नव्हतं, नातीसाठी न्यायच्या, मुखपृष्ठावरून हात फिरवून विचारायच्या, अक्षर मोठं आहे ना बाबू?

तर ही नात सोमवारी शाळेत जाते आणि तिथे कपाटाला कुलूप. घर तयार आहे, शाळा नाही. हे उलटं चित्र कुणाच्या लक्षात येते का?

दुसरं, आजकाल सगळीकडे अभ्यासिका निघाल्या. चांगलं आहे, माझा लहान भाऊ पण तिथेच बसतो, पोलीस भरतीची तयारी. पण अभ्यासिकेत खुर्ची मिळते, पंखा मिळते, पुस्तक स्वतःचं न्यावं लागते. नगरसेवक लोक बोर्डावर "वाचनालय" लिहितात. अरे वाचनालय काय, बसनालय आहे ते.

---

तर्री_पोहा

बसनालय 😂 हा शब्द घेतला.

---

ह्यूस्टनकर_मूळचा_महालचा

इथे परदेशात सगळं आलबेल असेल असं वाटत असेल तर सांगतो. मी राहतो त्या ह्यूस्टनमध्ये २०२३ ला राज्याने सरकारी शाळांचा कारभार स्वतःच्या हातात घेतला आणि नव्या योजनेतल्या पहिल्या २८ शाळांमधल्या ग्रंथपालांच्या जागाच काढून टाकल्या. लायब्ररीच्या खोलीत आता वर्गात दंगा करणारी पोरं पाठवायची आणि त्यांनी तिथे स्क्रीनवर तास बघायचा. या बहुतेक गरीब वस्त्यांमधल्या शाळा, श्रीमंत भागातल्या शाळांची लायब्ररी जशीच्या तशी. आणि इंग्लंडमध्ये तर गंमत, तुरुंगात लायब्ररी असलीच पाहिजे असा नियम आहे, शाळेत असलीच पाहिजे असा नाही.

म्हणजे तर्री_पोहा यांची शिक्षेची लायब्ररी अमेरिकेने आत्ता शोधून काढली, फक्त पुस्तकं वगळून.

लहानपणी सीताबर्डीच्या राजाराम सीताराम दीक्षित वाचनालयात बाबांबरोबर जायचो. वर्गणी भरू शकणाऱ्याला रस्ता सापडतोच हो. शाळेची लायब्ररी ही बिनवर्गणीची होती, हे मला इतक्या वर्षांनी हा धागा वाचून कळून राहिलं आहे.

---

वकीलीण_सिव्हिल_लाइन्स

कोणाला धरायचं हे विचारलंय म्हणून कायद्याचं थोडक्यात.

आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. अ ब क ड वर्ग, अनुदान वगैरे जे ऐकता ते त्यातलं. शाळेची लायब्ररी त्यात नाही. शाळेसाठी शिक्षण हक्क कायदा २००९ आहे, त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि तिथे वर्तमानपत्र, मासिकं, सगळ्या विषयांवरची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा मिळतील. पण हा कायदा आठवीपर्यंतच. आणि ते पुस्तक पोराच्या हातात कोण देईल, ते त्या अनुसूचीत नाही. चित्रकलेचा अर्धवेळ निदेशक आहे, ग्रंथपाल नाही. म्हणून शाळा सांगते कपाट आहे, ते खोटं नसते.

तुमच्या हातात काय? शाळा व्यवस्थापन समिती, अनुदानित असेल तर पालक शिक्षक संघ पण. लेखी अर्ज द्या, तोंडी विनंती वाऱ्यावर जाते. "ग्रंथालय सुरू करा" असं मोघम लिहू नका, "अमुक तारखेला साठा पडताळणी करून निर्लेखनाचा प्रस्ताव ठेवावा, आम्ही माजी विद्यार्थी मोजणीला मनुष्यबळ देतो" असं लिहा. अर्धवेळ_ग्रंथपाल म्हणाले ती भीती मुख्याध्यापकाची खरी आहे, ती कागदाने काढावी लागते.

---

जुना_बाक

सगळे एवढे हळहळून राहिले आहेत, पण खरं बोला, आपली स्वतःची पोरं कुठल्या शाळेत आहेत? आपण सगळ्यांनी पोरं इंग्रजी माध्यमात टाकली, मराठी शाळांचा पट आपणच उतरवला, पट उतरला म्हणून ग्रंथपाल गेला. आता गळा काढायचा.

---

संत्रीवाली

@जुना_बाक, लागलं. माझी मुलगी इंग्रजी शाळेतच आहे, फी भरताना दम निघते पण तिथे एसी लायब्ररी आहे आणि आठवड्याला तासिका. मी लपवत नाही. पण पट उतरला तो आमच्यासारख्यांनी काढून नेलेल्या पोरांमुळे, आणि शिक्षा उरलेल्यांना, ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही त्यांना. साडेतीनशे पोरं म्हणजे कमी आहेत का? निकषात बसत नाहीत एवढंच.

---

पाणी_पाणी

आमच्या शाळेची लायब्ररी तळमजल्यावर होती. २३ सप्टेंबर २०२३, अंबाझरी ओसंडला ती रात्र. खालच्या तीन फळ्या गेल्या. पुस्तकं फुगून अशी गच्च बसली होती की कपाटाचं दार आतून ढकलल्यासारखं उघडलं. आम्ही काही जणांनी गच्चीवर वाळवायला टाकली, निम्मी वाचली. रजिस्टर मात्र वरच्या फळीवर होतं, कोरडं खणखणीत. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

---

अर्धवेळ_ग्रंथपाल

@पाणी_पाणी, पुन्हा कधी झालं तर उन्हात टाकू नका, पानं कडक होतात आणि शिवण सुटते. सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून, मध्ये मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून.

---

संत्रीवाली

अपडेट.

वकीलीण ताईंनी सांगितलं तसा अर्ज नेऊन दिला. मुख्याध्यापिका नवीन आहेत, माझ्याच वयाच्या, मला वाटलं हाकलून देतील. त्या म्हणाल्या मलाच तो चार्ज दोनदा चिकटवायचा प्रयत्न झाला, मी सही नाही केली. तुम्ही मोजून देणार असाल तर मी समितीत ठेवते. मग प्रश्न परत चावीचा. क्लार्क काका म्हणाले बाई गेल्यावर जुडगा शिपाईकाकांकडे होता, तेपण रिटायर होऊन आता पारडीला मुलाकडे राहतात. काल संध्याकाळी गेले. काकांनी मला ओळखलं नाही पण शाळेचं नाव काढल्यावर आत गेले आणि देवाच्या फोटोमागच्या खिळ्यावरून जुडगा काढून आणला. म्हणे मागायला कोणी आलंच नाही, मी टाकू कसा.

११ चाव्या आहेत, ५ कपाटं. त्यातलं काचेचं एक आज उघडलं. वरच्या फळीवर देवघेव रजिस्टर होतं, त्यात माझं नाव शोधलं. दिवाळीच्या पानावर आहे, एकच पुस्तक. खालच्या ओळीत बाईंचं नाव, दुसरं पुस्तक, परत केल्याची तारीख नाही. ते पुस्तक आमच्या घरी आहे बहुतेक, आईच्या ट्रंकेत. बाईंच्या नावावर अजून बाकी दिसते आहे.

अर्धवेळ दादा, हे निर्लेखनात टाकायचं की मी आणून देऊ?

---

अर्धवेळ_ग्रंथपाल

आणून द्या. दंड माफ. दाखल क्रमांक पान १७ वर शिक्क्यात असतो, तो पुसला गेला का ते बघा. मोजणीला मी येतो, मला रजिस्टरं वाचायची सवय आहे.

---

तर्री_पोहा

मी पण. गणित सोडून काहीही मोजतो.

---

मिहान_मुक्काम

यादी एक्सेलमध्ये टाकायचं काम माझ्याकडे. लॅपटॉप आणतो. खोलीत प्लग पॉइंट आहे का?

---

संत्रीवाली

एक आहे, तांदळाच्या पोत्यांमागे. शनिवारी सकाळची शाळा असते, ११ ला सुटते, त्यानंतर या. मास्क आणि जुने कपडे, धूळ भयंकर आहे. पोती सरकवायला दोन दणकट माणसं पाहिजेत, इंदोरा_एक्सप्रेस तुमचा भरतीवाला भाऊ मोकळा आहे का?

---

इंदोरा_एक्सप्रेस

आणतो. तसाही गोळाफेकीत कमी पडून राहिला आहे.